‘देव आमचा आश्रय’ म्हणजे ख्रिस्ती माणूस नेमकं काय म्हणतो?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, जालन्यात किंवा बीड-परभणीकडच्या एखाद्या ख्रिस्ती घरात गेलात, तर भिंतीवर बायबलमधलं एखादं वचन टांगलेलं दिसतं. त्यातलं एक फार आवडतं वचन आहे: ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे.’ ही ४६व्या स्तोत्राची सुरुवात. पाहुण्याला ती गोड वाटते आणि चहा येईपर्यंत तो ती विसरूनही जातो. पुढची ओळ मात्र कॅलेंडरवर सहसा छापत नाहीत. पृथ्वी उलटीपालटी झाली, डोंगर ढासळून समुद्राच्या पोटात गेले, तरी आम्ही भिणार नाही, असं ते स्तोत्र पुढे म्हणतं. म्हणजे हे वचन भूकंप डोळ्यांसमोर ठेवूनच रचलेलं आहे.

मराठवाड्याला भूकंप पुस्तकात वाचावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारी-सास्तूर भागात, लोक गणपती बोळवून दमून झोपले होते. मेलेल्यांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगतात. त्यातल्या बहुतेकांना मारलं ते घरांनी. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून घातलेला मातीचा जड थर. ऊन-पावसापासून पिढ्यान् पिढ्या राखणारं माळवदच अंगावर आलं. अशा मुलखातल्या माणसानं ‘देव आमचा आश्रय’ हे ऐकून विचारलं की बाबा, कसला आश्रय, तर तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. बायबल लिहिणाऱ्यांनीही तो विचारलेला आहे, आणि बराच मोठ्यानं.

आधी ही भाषा कुठून आली ते पाहू. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत देवाला खडक, गड, सावली, पंख असं सारखं म्हटलंय. ही कवींची हौस नव्हती. यहूदाचा डोंगराळ मुलूख आणि त्याच्या पूर्वेचं वाळवंट हा कमी पावसाचा, उघड्याबोडक्या खडकांचा प्रदेश. तिथं उन्हात सापडलेल्या माणसाला सावली म्हणजे जीव. यशया संदेष्टा म्हणतो, तप्त भूमीत मोठ्या खडकाची सावली असते तसा राजा असावा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे भर दुपारी माळावरून चालत गेलेल्या माणसाला याची टीप लागत नाही. उलट हिरव्यागार, ढगाळ देशांतल्या वाचकांनाच ‘परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुझी सावली आहे’ हे १२१वं स्तोत्र समजावून सांगावं लागत असेल.

गडाची गोष्ट जरा वेगळी. दावीद राजा व्हायच्या आधी शौल राजापासून जीव वाचवत गुहांमधून लपत फिरत होता. ५७ आणि १४२ या स्तोत्रांच्या मथळ्यांत तो गुहेत असतानाची ही प्रार्थना असं लिहिलंय. अदुल्लामच्या गुहेत तो लपला, तेव्हा त्याच्याभोवती कोण जमलं याची यादी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे: अडचणीत सापडलेले, कर्जबाजारी झालेले, मनानं कडवट झालेले, असे सुमारे चारशे जण. मला ही यादी त्या स्तोत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. ज्याला स्वतःला डोकं टेकायला जागा नाही, त्याच्याच आडोशाला कर्जात बुडालेले लोक येतात. हा धागा पुढे पुन्हा लागेल.

दावीद देवाला ‘माझा दुर्ग’ म्हणतो, पण बायबलचा दगडी दुर्गावर फारसा भरवसा नाही. देवगिरी पाहिलेल्याला हे चटकन पटेल. एवढा अवघड उभा कडा असूनही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीसमोर रामदेवराव यादवाला नमावं लागलं. गडावरच्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी आख्यायिका अजून सांगतात. यरुशलेमची कथा याहून कडू आहे. तिथं तटबंदीच्या आत खुद्द देवाचं मंदिर होतं, आणि लोकांची खात्री होती की देव आपलं घर पडू देणार नाही. यिर्मया संदेष्टा त्याच मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला की ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ असा जप करून काही होणार नाही. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळता आणि वर इथं येऊन ‘आम्ही सुरक्षित’ म्हणता? इसवीसनपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं शहर घेतलं, मंदिर जाळलं आणि बऱ्याच लोकांना धरून नेलं.

इथं आश्रयाची कल्पनाच बदलते. बाबेलमध्ये कबार नदीकाठी निर्वासितांच्या वस्तीत यहेज्केल नावाच्या पुरोहिताला दृष्टांत होतो: देवाचं सिंहासन, आणि त्याला चाकं. देव यरुशलेमच्या मंदिरात अडकून राहिलेला नाही, तो इथवर आलाय. यशयाच्या ४०व्या अध्यायातलं ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हे वचन याच हद्दपारीतल्या लोकांना उद्देशून आहे. ज्यांचं सगळं गेलेलं आहे, त्यांच्याशीच ते बोलतं.

यावरून एक सरळ गोष्ट निघते. ख्रिस्ती श्रद्धेतला आश्रय हा विमा नाही. हप्ते भरले, उपासनेला गेलो, दान दिलं, म्हणून आता अपघात होणार नाही, असं तिथं कुठंही कबूल केलेलं नाही. तरी ही समजूत चर्चच्या बाकांवरही भरपूर सापडते. करोनाच्या दिवसांत ९१वं स्तोत्र मोबाइलवर कवचासारखं फिरत होतं. ‘तुझ्या बाजूला हजार पडतील, तरी ते तुला भिडणार नाही’ असं त्यात आहे हे खरंच. पण हेच स्तोत्र शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, कोणाच्या तोंडी येतं ते पाहा. सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक. देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंच आहे ना? ते लिहिलेलं ९१व्या स्तोत्रातलं. येशू उत्तर देतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नको. वचन खोटं आहे असं तो म्हणत नाही. वचनाला धरून देवाला वेठीला धरायला तो नकार देतो. हा प्रसंग ज्यानं नीट वाचला, तो ते स्तोत्र ताईत म्हणून पुढे पाठवणार नाही, असं मला तरी वाटतं.

मग आश्रय असतो कशात? ख्रिस्ती उत्तर येशूच्या आयुष्याकडे बोट दाखवतं, आणि ते आयुष्य आश्रयाच्या दृष्टीनं बघितलं तर चमत्कारिकच आहे. जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नाही, म्हणून गव्हाणीत ठेवलेलं बाळ. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठल्यावर आईबाप त्याला घेऊन रातोरात मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळतात. मोठा झाल्यावर तो म्हणतो, कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला ठिकाण नाही. ख्रिस्ती माणूस ज्याला देवाचा पुत्र मानतो, तो हा. आश्रय देणारा देव स्वतः निराधारांच्या रांगेत येऊन उभा राहिला, हा या श्रद्धेचा गाभा आहे.

गेथशेमाने बागेत पकडले जाण्याच्या रात्री येशू प्रार्थना करतो की हा प्याला माझ्यापासून टळून जावो. तो टळत नाही. सोबत जागे राहा असं मित्रांना विनवतो, तेही झोपी जातात. वधस्तंभावर तो २२व्या स्तोत्रातली ओळ ओरडतो: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ श्रद्धेची गोष्ट सांगणाऱ्यांनी ही ओळ गाळली असती तर काम सोपं झालं असतं. त्यांनी ती गाळली नाही. त्यामुळं किल्लारीच्या ढिगाऱ्यापाशी किंवा फवारणीचं औषध प्यालेल्या शेतकऱ्याच्या अंगणात कुणी ‘देव कुठं होता?’ म्हणून ओरडलं, तर ख्रिस्ती शिकवणीनुसार तो धर्माबाहेर गेलेला नसतो. ज्याची तो प्रार्थना करतो, तोही हेच ओरडलेला आहे. तिसऱ्या दिवशी तो उठला ही श्रद्धा पुढची, आणि ख्रिस्ती आशा तिच्यावरच उभी आहे. पण शुक्रवार पुसून रविवारी पोचता येत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला गंगाखेडच्या जनाबाईची आठवण उपयोगी पडेल. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण्या वेचू लागतो. जनीचं दासीपण सुटलं असं त्या अभंगांत नाही. कष्टांत देव शेजारी येऊन बसला, एवढंच आहे, आणि तिला ते पुरतं. दोन्ही श्रद्धा एकच आहेत असं मी म्हणत नाही. ख्रिस्ती शिकवणीत देवाचं असं येणं एका विशिष्ट माणसात, रोमन राजवटीतल्या एका ठरावीक काळात घडलं, आणि त्याच्या मरणानं पापाची क्षमा मिळाली, असा ठाम दावा आहे. तो जनाबाईच्या अभंगात नाही. तरी नारायण वामन टिळकांसारखा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही अभंग-ओवीतच लिहीत राहिला, कीर्तन करत राहिला, यामागे ही ओळख असणार. शेजारी बसणारा देव मराठी माणसाला नवा नव्हता.

पापक्षमेचा उल्लेख आला, तर तिथं थोडं थांबायला हवं, कारण आश्रय म्हटलं की आपण बाहेरचं संकटच धरतो. ३२व्या स्तोत्रात ‘तू माझे आश्रयस्थान आहेस’ असं म्हणणारा माणूस शत्रूपासून पळालेला नाही. त्यानं आपला अपराध लपवून ठेवला होता, त्यानं त्याची हाडं झिजली, आणि शेवटी कबुली दिल्यावर तो हे म्हणतो. स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टीपासून लपायला जागा कुठं मिळणार? कॅथलिक चर्चमध्ये यासाठी धर्मगुरूसमोर पापनिवेदनाचा संस्कार आहे. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत कबुली थेट देवापुढं किंवा उपासनेत सगळ्यांनी मिळून दिली जाते. १५६३ साली जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न असा आहे: जगण्यात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तराचा आशय असा, की मी माझा स्वतःचा नाही, माझ्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. आपण कोणाचे तरी आहोत, एवढ्यावर ते सांत्वन उभं आहे. घर, शेत, तब्येत यांचा पहिल्या वाक्यात पत्ताही नाही.

आता दावीदाच्या गुहेतला तो धागा. बायबलमध्ये देवाचा आश्रय बहुतेक वेळा माणसांच्या हातून पोचतो, आणि याची सर्वांत सुंदर गोष्ट रूथची आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून एक कुटुंब मवाब देशात जगायला जातं. तिथं बापही मरतो आणि दोन्ही मुलंही. सासू नामी परत निघते. मवाबी सून रूथ तिच्याबरोबर येते आणि सातूच्या सुगीत दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. बीड-धाराशिवच्या वाचकाला यातलं काही परकं वाटणार नाही. शेताचा मालक बवाज तिला आशीर्वाद देतो की ज्या परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस, तो तुला प्रतिफळ देवो. आशीर्वाद चांगलाच. पण पुढं एके रात्री खळ्यावर रूथ त्या आशीर्वादाचा हिशोब मागते: मग आता तुम्हीच आपलं पांघरूण माझ्यावर घाला. तुम्ही देवाचे पंख म्हणालात ना, ते तुमच्या अंगावरच आहेत. बवाजाला पटतं, तो लग्न करतो. त्यांच्या नातवाचा मुलगा म्हणजे दावीद.

येशूचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिताना हेच नियमासारखं मांडलंय. देव आमच्या संकटांत आमचं सांत्वन करतो, ते आम्ही संकटांत असलेल्या दुसऱ्यांचं सांत्वन करावं म्हणून. पवित्र आत्म्याला योहानाच्या शुभवर्तमानात ‘कैवारी’ म्हटलंय, आणि तो मंडळीत, म्हणजे माणसांच्या जमावात, काम करतो असं मानतात.

मराठवाड्यात हे कसं घडलं याचा इतिहास सरळसोट नाही. निजामी राज्यात, सालारजंग दिवाण असताना, नारायण शेषाद्री या ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या पाळकानं जालन्याजवळ जमीन मिळवून बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथं आलेली कुटुंबं मुख्यतः अस्पृश्य ठरवलेल्या जातींतली होती. नाव उत्पत्तीच्या पुस्तकातलं: घरातून पळालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, तिथं त्याला देव भेटतो, आणि त्या जागेचं नाव तो बेथेल ठेवतो. विहिरीवर जाण्याची बंदी ज्यांनी सोसली, त्यांना शाळा, औषध आणि स्वतःच्या नावाची वस्ती हा आश्रय किती मोठा वाटला असेल, हे समजायला धर्मशास्त्र लागत नाही. मराठवाड्याच्या हद्दीबाहेर, केडगावला, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात पोरक्या मुली आणि विधवा आणून ठेवल्या, ते याच विचाराचं मोठं रूप.

धान्यासाठी धर्म बदलला, हा टोमणा तेव्हापासूनचा. त्यात कुठं कुठं तथ्यही असेल. भुकेला माणूस आधी भाकर पाहणारच. पण या आश्रयाची किंमत किती पडली हेही त्याच श्वासात सांगायला हवं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतला की सवलत गेली, जात मात्र गावानं कायम ठेवली. चर्चच्या आतही ती पुरती गेली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये.

सांत्वनाबद्दल बोलताना रडण्याला या श्रद्धेत किती जागा आहे, तेही पाहण्यासारखं आहे. स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, पण ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं. लाजर हा येशूचा मित्र; तो मेल्यावर येशू त्याच्या गावी पोचतो. आपण याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक असतं. बहीण मार्था तोंडावर म्हणते, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला दटावत नाही. आणि कबरीकडे जाताना येशू रडला, असं योहान एका छोट्याशा वाक्यात लिहितो. पुढं सगळं ठीक होणार आहे म्हणून आत्ताचं रडणं फुकट, हा हिशोब त्याच्याकडे नव्हता.

म्हणूनच ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी मयत झाली आणि तुम्हाला जायचं असेल, तर एक-दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. घरी किंवा कबरस्तानात बहुधा २३वं स्तोत्र ऐकू येईल: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ मृत्युच्छायेच्या दरीतून जातानाही मी भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. बाभळीची डहाळी ओढणारी धनगराची आकडी पाहिलेल्यांना चित्र लगेच दिसेल. यात दरी चुकवून देण्याचं वचन नाही, दरीत सोबतीचं आहे.

‘देवाची इच्छा’, ‘चांगली माणसं देवाला लवकर लागतात’ असली वाक्यं टाळता आली तर टाळा. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसतात. तोवर त्यांचं बरोबर चाललेलं असतं. मग ते तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागतात, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. ‘रडू नका’ असंही म्हणायची गरज नाही; पौलानं थेस्सलनीकाच्या लोकांना आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं लिहिलंय, शोकच करू नका असं नाही.

नंतर काही दिवसांनी प्रोटेस्टंट घरात स्मरणार्थ प्रार्थना ठेवतात, कॅथलिक घरात मिस्सा, म्हणजे धर्मगुरूनं चालवलेली उपासना, असते. दोन्हीकडे कुणालाही बसता येतं. मिस्साच्या वेळी भाविक ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घ्यायला रांगेनं पुढं जातात, तेव्हा इतरांनी आपल्या जागेवर थांबायचं असतं. त्यात कुणी कमीपणा मानत नाही. प्रार्थना संपली की घरचे लोक बसूनच असतात, आणि त्यांच्याजवळ बसायला कोणत्याही धर्माची अट नाही.